साक्षीदाराला पाणी नाही

अण्णा टेंभेकरांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी एकदा जुन्या माणसांच्या आठवणी मागवल्या होत्या, तेव्हा मी शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांवर लिहून दिलं. मास्तर चांगलेच होते, पण ते पान लिहिताना सगळा वेळ डोळ्यांसमोर अण्णा होते. पुढेही दोनतीनदा कागद घेऊन बसलो आणि भलतंच काही लिहून उठलो. नलू, माझी बायको, होती तोवर तिला वाईट वाटेल हे कारण पुरलं. ती गेली. साठे गेले, साठेवहिनीही गेल्या. आता वाईट वाटून घेणारा मी एकटाच उरलो आहे.

साठे हे खरं नाव नव्हे. ते ज्या खात्यात इंजिनियर होते त्याचं नावही मी लिहीत नाही. आज तिथे काम करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. टेंभेकरांचं नाव मात्र आहे ते आहे. ते लपवावं असं त्या माणसाने कधी काही केलं नाही.

आमचं शहर हिंदी मुलखातलं. तिथल्या गढा या वस्तीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, पुढे अरुंद ओटा, ओट्यावर उभी केलेली सायकल. अण्णा उंच होते आणि उंच माणसं दारातून जाताना वाकतात तसे कायमचेच वाकलेले. मे महिन्यातसुद्धा बंद गळ्याचा कोट घालत. कचेरीत ते तक्रार शाखेत होते. शहराचा कारभार बघणारे जे लोक, म्हणजे ओव्हरसियर, जकातनाक्यावरचे मुनशी, सफाईचे जमादार, इंजिनियर, त्यांच्याविरुद्ध कोणी अर्ज दिला की पहिली चौकशी अण्णांची. हुद्दा लहान होता. पण अण्णांनी खाली काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय वरचे साहेब हलत नसत.

सायकलच्या हँडलला एक फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या बांधलेला असे. कचेरीत, चौकशीला, लग्नाला, मयताला, तो बरोबर. या शहरात ते कोणाच्याही घरचं पाणी पीत नसत. लहानपणी मला वाटे की सोवळं असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "सोवळं कसलं रे! आज ज्याचा चहा प्यायलो, उद्या त्याच्यावर अर्ज आला तर? मी लिहीन एक, आणि तो चहा आतून दुसरंच बोलून राहील."

त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. व्याही रस्त्यांची कामं घेणारा ठेकेदार. अण्णांनी मांडवात उभं राहून अक्षता टाकल्या, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पानं मांडली तसे बाहेर जाऊन आपल्या तांब्यातलं पाणी प्यायले. उपाशी घरी आले. चुलतभाऊ त्यानंतर बोलेनासा झाला. माई, त्यांच्या पत्नी, आमच्या आईकडे येऊन म्हणत, "मला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही हो. आणि बोलावलं तर मीच जात नाही. कोणाचा नवरा उद्या यांच्या टेबलासमोर उभा राहील, काय सांगावं."

हे सगळं ऐकून माणूस रूक्ष वाटेल. तसे ते नव्हते. एका जमादाराने त्यांच्या टेबलावर खोव्याच्या जिलबीचा द्रोण ठेवला. अण्णांनी तो परत दिला नाही, खाल्ला नाही, बाजूलाही सरकवला नाही. दुसऱ्या दिवशी द्रोण मुंग्यांनी भरला. जमादार आपल्या कामाचं काय झालं म्हणून विचारायला आला तेव्हा अण्णा गंभीरपणे म्हणाले, "जाँच चल रही है भैया. अभी इनके पास है." कचेरीत ती जिलबी पुढे कितीतरी वर्षं सांगितली जात होती.

तक्रार ऐकण्याची त्यांची एक रीत होती. समोर माणूस बसला की ते चष्मा काढून खिशात ठेवत. चष्म्याविना त्यांना हातभर अंतरावरचंही धूसर दिसे. "चेहरा दिसला की मी फसतो," ते म्हणत. "रडणारा खरा वाटायला लागतो आणि घाम आलेला चोर." मग अर्ज लिहून आणणाऱ्यालाच तो तोंडाने सांगायला लावत आणि मधेमधे एकच विचारत, "इसमें आँख का कितना है और कान का कितना?" भल्याभल्यांचे अर्ज त्या एका प्रश्नाने अर्ध्यावर येत.

आणि दुसरी रीत. एका नाक्यावरच्या मुनशीवर अर्ज आला होता की हा गाड्या अडवून हात ओले करून घेतो. अण्णा जाऊन नाक्यासमोरच्या चिंचेखाली बसले, दिवसचे दिवस, आपला डबा आणि तांब्या घेऊन. निघालं असं की मुनशी पैसे घेत नव्हता हाच त्याचा गुन्हा होता. अण्णांनी तसा अहवाल दिला. एवढ्यावर कोणीही थांबला असता. अण्णा त्या मुनशीच्या वस्तीत गेले, त्याच्या दारात सायकल उभी केली आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुनशीजी, जाँच पूरी हो गई. आप साफ हैं." मुनशीची बायको पाणी घेऊन धावत आली. ते अर्थात प्यायले नाहीत.

मी म्हटलं, "अण्णा, कागद गेलाच असता की त्याला."

"कागद त्याच्या पेटीत जाईल. बदनामी गल्लीत झाली आहे ना? माणसावर डाग पडला ही बातमी अख्खं गाव देतं रे रघू. डाग नव्हताच, हे सांगायला कोणी जात नाही. म्हणून मी जातो."

निर्दोष ठरलेल्या प्रत्येकाच्या दारात ते असे जात. हे मला पाहून माहीत होतं. पुढे मी जे केलं ते हे माहीत असताना केलं, म्हणून आधी सांगितलं.

पासष्टची लढाई सुरू झाली तेव्हा मी लष्करी कारखान्यात लाकडाच्या विभागात होतो. आमच्याकडे दारूगोळ्याच्या पेट्यांसाठी फळ्या तयार होत. तपासून पास केलेल्या फळीच्या टोकाला तापवलेल्या लोखंडाचा ठसा मारायचा. प्रत्येक टेबलाचा ठसा वेगळा. माझ्या टेबलाचा त्रिकोण होता आणि त्याचा एक कोपरा मोडलेला होता. नवा ठसा मागवला होता, पण लढाईच्या घाईत तो काही आला नाही.

त्या दिवसांत सारं शहर कारखान्यांच्या भोंग्यावर चाले. दोन-दोन पाळ्या सलग काम. खिडक्यांना काळे कागद, सायकलींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. तोफा आणि गाड्या जिथे होतात ते गाव शत्रूच्या नकाशावर असणारच, असं जो तो दुसऱ्याला सांगे. वस्त्यांमधून, शाळांच्या मैदानांत खंदक खणायचा हुकूम निघाला. सायरन वाजला की लोकांनी त्यात उतरायचं. खंदकांच्या बाजू ढासळू नयेत म्हणून आतून फळ्यांचा आधार द्यायचा होता. त्यासाठी आमच्या विभागातून ट्रक भरभरून फळ्या गेल्या. माझ्या ठशाच्या फळ्या कांचघरच्या बाजूला जाणाऱ्या ट्रकमध्ये मी स्वतः चढवून दिल्या. तिकडच्या कामावर साठे होते.

साठे आमच्याच मंडळातले. गणपतीत त्यांचा आवाज आरतीला सगळ्यांच्या वर. साठेवहिनी तर घराघरात. नलूचं माहेर अकोल्याचं, तिला सातवा लागला आणि तिची आई अंथरुणाला खिळलेली. वहिनींनी येऊन सांगून टाकलं, "डोहाळजेवण माझ्याकडे. आई लांब आहे तर मी आहे ना?" त्यांच्या घराचं वरचं बांधकाम तेव्हा चालू होतं. तरी खालच्या खोलीत त्यांनी फुलांची वाडी भरली, नलूला हिरवी साडी दिली, तिची सगळ्यांनी ओटी भरली. मी संध्याकाळी तिला आणायला गेलो. वहिनींनी मला बसवून पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तर वरच्या स्लॅबच्या सेंटरिंगसाठी रचलेल्या फळ्या दिसल्या. टोकांवर त्रिकोण. एक कोपरा मोडलेला.

खरं सांगायचं तर तेव्हा मला काहीच वाटलं नाही. उरल्या असतील, म्हणून आणल्या असतील. मी हात धुतले आणि नलूला घेऊन घरी आलो.

नंतर पाऊस लागला. जाता जाता रेंगाळणारा, दिवसभर न थांबणारा. एका दुपारी सायरन वाजला आणि कांचघरजवळच्या एका शाळेच्या मैदानात आसपासच्या बिऱ्हाडांतल्या बाया खंदकात उतरल्या. खंदकाची एक बाजू आत बसली. बाकीच्यांना ओढून काढलं. फूलमती नावाची विड्या वळणारी बाई होती, तिची मोठी मुलगी शांती मातीखाली राहिली. तिचं लग्न ठरलेलं होतं. विमानं तर आलीच नाहीत. तो सरावाचा सायरन होता.

खात्याने सांगितलं की फळ्या लावलेल्या होत्या, पावसापुढे इलाज नव्हता, आणि गोंधळात लोकांनी फळ्या जळणाला पळवल्या. फूलमती कोणाला तरी विचारत विचारत अण्णांच्या टेबलाशी पोचली. तिला लिहिता येत नव्हतं. अण्णांनी चष्मा काढला आणि तिचं तोंडी ऐकून घेतलं. "आँख का कितना?" असं तिलाही विचारलं. ती म्हणाली, "बाबूजी, लकड़ी नहीं थी. मैं खुद उसी में उतरती थी. मिट्टी हाथ में आती थी."

हे मला अण्णांनीच ओट्यावर बसून सांगितलं. ते कोणत्याही चौकशीतलं बाहेर बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. मग मी त्यांना त्रिकोणाचं सांगितलं. एव्हाना साठ्यांचा स्लॅब होऊन त्या फळ्या अंगणातून नाहीशाही झाल्या होत्या.

माझं ऐकताना खिशात ठेवलेला चष्मा अण्णांनी परत लावला नाही. विचारलं, "तिथे खाल्लंस?"

"हो."

"नलूने?"

"तिच्यासाठीच तर होतं."

"दुसरा कोणी असता तर त्याचं नाव मी घेतलं नसतं," ते म्हणाले. "ज्यांच्या घरी जेवला त्यांच्याविरुद्ध उभं राहणं सोपं नाही. पण तू चड्डीत होतास तेव्हापासून तुला पाहून राहिलो आहे. बोलशील?"

मी म्हटलं, बोलेन. तेव्हा ते खरं होतं.

साक्षीदारांच्या बाबतीत अण्णांची जी पद्धत होती ती त्यांच्या वरच्यांना वेडेपणाची वाटे, आणि ती तशी होतीही. ते आधी जबाब लिहून त्यावर सही घेत नसत. सही घेतली की माणूस बांधला गेला, मग तो भीतीने बोलतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं, सही मागून. आणि त्याआधी प्रत्येकाला एक मोकळीक. "चौकशीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत येऊन सांग की जमत नाही. मी नाव खोडीन, काहून म्हणून विचारणार नाही, कोणाला सांगणार नाही. मग मी माझं दुसरं काही बघेन. पण तिथे, साहेबासमोर, पालटू नको. तिथे पालटलास तर मी बुडतो आणि ज्याच्यासाठी आपण बसलो तोही बुडतो." पूर्वी ते म्हणत, दिवे लागेपर्यंत ये. आता दिवे लागतच नव्हते, म्हणून म्हणाले, "संध्याकाळचा भोंगा वाजेपर्यंत."

गोष्ट मंडळात पोचायला वेळ लागला नाही. मला कोणी धमकी दिली नाही. कोणी काही देऊ केलं नाही. तसं काही झालं असतं तर कदाचित मी ताठ राहिलो असतो. वडील फक्त म्हणाले, "या गावात आपली घरं किती? त्यातल्याच एकाला आपणच हिंदी लोकांसमोर उघडं पाडायचं? साठे चुकला असेल. मंडळात बोलावून कान उपटू." मंडळाचे सेक्रेटरी दारावरून जाताना थांबले आणि टेंभेकरांना हसले, "त्यांना काय, त्यांना समाजच नाही. पाणीसुद्धा पीत नाहीत कोणाचं."

आणि साठेवहिनी आल्या. त्यांनी साक्षीचा शब्दही काढला नाही. डिंकाचे लाडू आणले होते. नलूचे पाय सुजले होते, तर त्या खाली बसून तिच्या तळपायांना तेल चोळत राहिल्या. "पोरी, वेळ आली की पहिला निरोप मला," एवढं बोलल्या आणि गेल्या. त्या गेल्यावर नलू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुम्ही काय ते ठरवा. मी काही म्हणत नाही." तिचा आवाज रडलेला होता.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो ते नाही म्हणायलाच. हे मला नीट लिहू दे. मनाचा निश्चय झालेला होता. भोंगा व्हायचा होता. अण्णांनी दिलेली मोकळीक अजून माझी होती आणि ती वापरली असती तर मी भित्रा ठरलो असतो, त्याहून वाईट काही नाही.

अण्णा ओट्यावर बसून तांब्या चिंचेने घासत होते. मला बघून माई आतून पाण्याचा पेला घेऊन आल्या.

"त्याला पाणी देऊ नको," अण्णा म्हणाले. "उद्या त्याची साक्ष आहे."

"अहो, शेजारचं पोर ते! दारी आलेल्याला पाणी नाही? काय माणूस आहात!"

"उद्या साठ्याने विचारलं, काल टेंभेकरांकडे काय प्यायलास, तर त्याने काय सांगावं? माझ्या साक्षीदाराला माझ्या घरी पाणी नाही." मग माझ्याकडे बघून ते हसले. ते फार कमी हसत. "चौकशी संपू दे रघू. मग माईच्या हातचं पोटभर जेव."

माई पेला घेऊन रागाने आत गेल्या.

"बैस. एक बरं झालं," अण्णा म्हणाले. "खंदक खणणारे ते दोघे मजूर होते ना, ते बोलायला तयार होते. पण थरथर कापून राहिले होते. रोजंदारीवरचे लोक, उद्या त्यांना कोण कामावर घेईल? आज सकाळी त्यांना सोडून दिलं. म्हटलं, घरी जा, आमच्याकडे कारखान्यातला पक्का माणूस आहे, त्याचा एकट्याचा शब्द पुरे."

मी पायरीवर टेकलो.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काहून आला होता? पालटून राहिला का?" आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. "सांग. अजून भोंगा व्हायचा आहे."

मी म्हणालो, "नाही अण्णा. उद्या किती वाजता यायचं ते विचारायला आलो."

त्यांनी वेळ सांगितली. मी अजून ओट्याच्या पायरीवरच होतो तेव्हा भोंगा झाला.

घरी जाताना मी स्वतःला सांगत होतो की आता साक्ष द्यायचीच, सुटकाच राहिली नाही. त्यावर विश्वासही बसला. सकाळी नलूने डबा भरून दिला आणि डब्यात वहिनींच्या लाडवांतला एक होता.

मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही होतो. साहेब, साठे, अण्णा, मी, आणि दाराशी जमिनीवर फूलमती. तिला खुर्ची दिली होती, ती बसली नव्हती. अण्णांनी नेहमीसारखा चष्मा काढून खिशात ठेवला. साठ्यांनी मला नमस्कार केला आणि हलकेच मराठीत विचारलं, "नलू कशी आहे?"

साहेबांनी विचारलं, "आपने इंजिनियर साहब के घर तख्ते देखे थे?"

"देखे थे साहब."

"उन पर कारखाने का निशान था?"

"तख्ते तो सब एक जैसे होते हैं साहब."

"निशान था या नहीं?"

"ध्यान नहीं है."

एवढंच बोललो. खोटंसुद्धा धड बोललो नाही.

अण्णांनी खिशात हात घातला, चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. चौकशी चालू असताना त्यांना चष्मा लावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट, जसं एखादी बारीक अक्षरातली ओळ वाचावी तसं. साहेब म्हणाले, "टेंभेकर बाबू, आपको गवाह से कुछ पूछना है?"

"नहीं साहब," अण्णा म्हणाले. "मुझे कुछ नहीं पूछना."

माझी दोन वाक्यं ते उलटवू शकले असते. आदल्या आठवड्यात ओट्यावर काय सांगितलंस, असं विचारलं असतं तर मी तिथेच कोसळलो असतो. त्यांनी विचारलं नाही. मी अजून त्याचा अर्थ लावतो आहे. मला वाचवलं, की मी विचारण्याच्या लायकीचा राहिलो नव्हतो?

बाहेर व्हरांड्यात फूलमतीने अण्णांना गाठलं. आत काय झालं ते तिला सगळं कळलं नव्हतं, पण साठे हसत बाहेर पडले एवढं तिने पाहिलं होतं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "बाबूजी, आपको भी खिला दिया उन लोगों ने?"

अण्णांच्या हातात तांब्या होता. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी ते माझ्याकडे बोट दाखवतील, मी चार पावलांवर उभा होतो. ते म्हणाले, "बेटी, मुझसे गलती हो गई." आणि सायकलकडे चालू लागले.

पुढचं लवकर झालं. लढाईच्या दिवसांत पुराव्याशिवाय एका जबाबदार अधिकाऱ्याची बदनामी केली, लोकांचं मनोधैर्य खचवलं, द्वेषाने वागले, असा शेरा अण्णांच्या नावावर बसला. त्यांना तक्रार शाखेतून काढून मंडल्याकडच्या एका तहसिलीत जुनी कागदपत्रं सांभाळायला पाठवलं. त्यांनी वर दाद मागितली नाही. बैलगाडीवर सामान चढलं तेव्हा गल्लीतली दारं बंद होती, आमचंही. मी खिडकीच्या काळ्या कागदाला पडलेल्या फटीतून बघत होतो. सायकल सगळ्यात शेवटी चढली. तांब्या माईंच्या मांडीवर होता.

फूलमतीची तक्रार निकाली निघाली. ती कुठे गेली मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही. त्याच महिन्यात माझी मुलगी जन्मली. पहिला निरोप वहिनींना गेला. साठे वर चढत गेले, त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांना हार घालणाऱ्यांत मी होतो. दर दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे फराळाला जात होतो. त्यांच्या माडीवरच्या त्या स्लॅबखाली बसून मी चकल्या खाल्ल्या आहेत. हेही लिहायला हवं, कारण लोकांना वाटतं अपराधी माणूस रात्रंदिवस तळमळत असतो. तसं नाही. मी बरा जगलो. मधूनमधून मात्र कारखान्यात ठसा हातात घेतला की तो थंड असला तरी सोडावासा वाटे. नवा आला तेव्हा जुना मी भट्टीत टाकायला दिला.

एकाहत्तरची लढाईही होऊन गेली होती. एका उन्हाळ्यात काही कामाने कांचघरला गेलो होतो. भर दुपार, रस्त्याच्या कडेला गवताच्या ताट्यांची पाणपोई, ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, आणि समोर ओंजळी धरून उभे राहिलेले लोक. रांगेत शिरलो. जवळ पोचलो तेव्हा पाणी देणाऱ्याचा हात ओळखीचा वाटला. मग तांब्या ओळखला. फिरकीचं झाकण नव्हतं, पण तोच.

अण्णा फार वाळले होते. बंद गळ्याचा कोट गेला होता, नुसतं बंडी-धोतर. डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि बुबुळांवर पांढरी साय आलेली. त्यांना कोण आलं ते दिसत नसावं, ते ओंजळीच्या सावलीवर धार धरत होते. निवृत्त होऊन परतले असणार. माई आहेत की नाहीत, कुठे राहतात, मला काहीच माहीत नव्हतं. पाणपोईच्या मागे त्या शाळेचं मैदान होतं. ते सपाट केलेलं होतं, पोरं खेळत होती.

माझं वाक्य तयार होतं. कित्येक वर्षं तयार होतं. त्यांच्याच रीतीने करायचं होतं, मोठ्या आवाजात, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, की या माणसाने लिहिलेलं खरं होतं आणि मी पाहिलं होतं. गल्लीतल्या लोकांपुढे नाही जमलं, तर निदान या अनोळखी लोकांपुढे. मी म्हणालो, "अण्णा."

तांब्या हवेतच थांबला. त्यांनी मान किंचित तिरकी केली, आवाज कुठून आला ते धरत.

"रघू का?"

"हो."

"नलू बरी आहे? मूल?"

"मुलगी झाली. आता शाळेत जाते."

"अच्छा," ते म्हणाले. "छान." आणि माझ्या हातांकडे तांब्या वळवला. "घे. आता माझ्याकडचं पाणी प्यायला तुला हरकत नाही."

ते कोणत्या अर्थाने म्हणाले, मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. धार सुरू झाली होती, म्हणून मी ओंजळ तोंडाशी नेली. पाणी गार होतं, वाळ्याचा वास होता. ते ओतत राहिले आणि मी पीत राहिलो, तहान संपल्यावरही, कारण तोंड रिकामं झालं असतं तर बोलावं लागलं असतं.

मागचा माणूस म्हणाला, "चलो भैया, आगे बढ़ो. औरों को भी पीना है."

मी बाजूला झालो. अण्णांनी पुढच्या ओंजळीवर धार धरली.

रस्त्यापलीकडे एका दुकानाच्या सावलीत मी बराच वेळ उभा होतो. रांग संपली की जाऊ, असं ठरवलं होतं. उन्हाळ्यात पाणपोईची रांग संपत नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा रांजण तसेच होते, लाल फडकी तशीच, आणि प्लास्टिकचा मग घेऊन एक दुसराच म्हातारा बसलेला होता. टेंभेकरांचं त्याने नावही ऐकलेलं नव्हतं.

अण्णा, फळ्यांवर ठसा होता. तो माझा होता आणि मी पाहिला होता. आदल्या संध्याकाळी मी वेळ विचारायला आलो नव्हतो.